शेपटाचा माणूस

"मग तुम्ही या पाणकोटात राहता तरी कसे?"

"भीत भीत," लतीफबाबा म्हणाला.

वामनबुवांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. ते हसले.

बाबा हसला नाही. भाकरीचा पापुद्रा काढून तो शेळीला भरवत होता, आणि त्याचा हात थरथरत होता. म्हातारपणाचा कंप असेल, असं बुवांनी आपलं मनाशी ठरवून टाकलं.

"खरंच विचारतोय मी," बुवा म्हणाले. "चारी बाजूंनी समुद्र. तटबंदी अशी ढासळलेली. रात्री तर..."

"रात्री जास्त वाटते."

"काय?"

"भीती."

झालं! ज्याच्यासाठी घाट उतरून आले, गाडीत हाडं खिळखिळी करून घेतली, उजाडता उजाडता खडपावरून तंगडतोड केली, तो माणूस पहिल्याच बैठकीला हे बोलला. बुवांच्या तोंडाची चवच गेली.

आता हे बुवा कोण, ते सांगायला हवं.

वामनबुवा घाटावरच्या एका मठातले. मठाच्या थोरल्या महाराजांनी डोळे मिटले, आणि मिटण्याआधी सगळ्यांदेखत बुवांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणजे गादी बुवांची. येत्या पौर्णिमेला बसायचं होतं. त्या गादीची एक रीत होती. नव्या महाराजांनी बसल्याबरोबर, समोर येईल त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "तुला अभय आहे." मग तो जमीनदार असो नाहीतर पोरका पोर असो.

बुवांना हे नवीन नव्हतं. भीती या विषयावर त्यांचं प्रवचन गावोगाव गाजलेलं. ते बोलायला लागले की मांडवात लेकरूसुद्धा रडत नसे. म्हाताऱ्या बायका घरी जाताना म्हणत, बुवांनी आज मरणाची धास्तीच काढून टाकली बाई!

आणि आतली गोष्ट काय होती? बुवा स्वतःच भीत होते.

कशाला, ते त्यांचं त्यांना कळत नव्हतं. एकदा ऐन रंगात आलेल्या प्रवचनात छातीत धडधड सुरू झाली. हातपाय गार पडले, घसा मिटला, आता आपण इथंच संपणार असं वाटलं. खोकल्याचं निमित्त करून पाणी मागितलं आणि कशीबशी वेळ मारून नेली. तिथून ती भीती घरचीच झाली. आंघोळ करताना, पंगतीत बसताना, कधीही यायची. डॉक्टरांनी छाती तपासली, ठणठणीत आहे म्हणाले. बुवांनी कुणाजवळ तोंड उघडलं नाही. उघडणार तरी कुणाजवळ? लोक आपली भीती त्यांच्या पायाशी आणून टाकत होते. त्यांनी आपली कुठं टाकायची?

त्यांनी एकच ठरवलं होतं. पौर्णिमेच्या आत भीती गेली तर गादीवर बसायचं. नाही गेली तर मठ सोडून गुपचूप चालू लागायचं, पुन्हा तोंड दाखवायचं नाही. खोट्या हातानं कुणाला अभय द्यायचं नाही. एवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता, हे आपण मान्य करायला हवं.

मग कुणीतरी सांगितलं, नांदखोलच्या समुद्रात एक पडका पाणकोट आहे. तिथं पिराच्या थडग्यापाशी एक फकीर कित्येक वर्षं एकटा राहतो. त्याला भीती कशाशी खातात ते माहीत नसणार.

आणि तो फकीर म्हणत होता, भीत भीत.

"भागीच्या पायाला काय झालं?" बाबानं एकदम विचारलं.

बुवांना आधी कळेचना, कोण भागी. मग आठवलं.

नांदखोलच्या किनाऱ्यापासून पाणकोटापर्यंत ओहोटीला खडपाची वाट उघडी पडते. काळा खडक, त्यावर शेवाळ, कडेनं कालवांच्या धारदार शिंपा, मधेमधे पाण्याचे चर. भरतीला सगळं गुडूप. किनाऱ्यावरच्या खुंटीला जुन्या लुगड्याचा लांब पीळ टांगलेला असतो, तसाच एक पाणकोटाच्या दरवाज्यातही. जाणाऱ्यांनी मिळून तो पीळ धरायचा. एकट्यानं जायचं नाही. पुढच्यानं पायाखाली बघायचं, मागं वळायचं नाही. वळला की घसरला. आणि सगळ्यांत मागं जो असेल, त्यानं सारखं बोलत राहायचं. काय वाटेल ते. बोलणं ऐकू येतंय तोवर मागचा माणूस आहे, म्हणून पुढच्यानं निर्धास्त चालायचं. त्या मागच्याला गावात शेपटाचा माणूस म्हणतात.

भागी आणि तिची जाऊ यमू, दोघी खारव्यांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांच्या बायका. बाबाला भाकऱ्या पोचवायला आणि खडपावरची कालवं काढायला निघाल्या होत्या. त्यांनी बुवांना शेपटाला घेतलं आणि रीत नीट समजावून सांगितली.

पण ऊन वर येईपर्यंत बुवांचं मौन असतं! त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि समजल्यासारखी मान हलवली.

"बुवा, हायेत ना?" मधल्या भागीनं विचारलं.

मौन.

"अवो बुवा! कायतरी बोला की!"

मौन.

शेवटी ती बिचारी घाबरून मागं वळली आणि पाय कालवावर गेला. टाच चांगलीच फाटली. यमूनं आपल्या पदराची चिंधी फाडून बांधली. बुवांनी हात जोडून दिलगिरी दाखवली, पण मौन मोडलं नाही. खरं सांगायचं तर त्याचा त्यांना थोडा अभिमानच वाटला होता.

"कालव लागलं तिला," बुवा आता म्हणाले.

"शेपटाला कोण होतं?"

"मी."

"काय बोलत होतात?"

"सकाळचं माझं मौन असतं."

लतीफबाबानं शेळीकडं बघितलं. मग बुवांकडं.

"हां..." एवढंच म्हणाला.

तो 'हां' बुवांना चांगलाच झोंबला. तरी ते गिळून गेले. गरज त्यांना होती.

"बाबा," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी ते कुणाला तरी सांगितलं. धडधड, मिटणारा घसा, गादी, पौर्णिमा, सगळं. सांगताना आवाज मात्र प्रवचनातलाच होता, खणखणीत. "आता तुम्ही उपाय सांगा."

"कशावर?"

"भीतीवर!"

"मला ठाऊक असता तर मी नसता केला?"

बुवा पुढं सरकले.

"तुम्हाला... तुम्हाला कशाची भीती?"

"पाण्याची."

"पाण्याची भीती, आणि समुद्रात राहता?"

"पीर इथं आहे," बाबा म्हणाला. "मग मी कुठं राहू?"

बाहेरून यमूची हाक आली. "बाबाऽऽ! पाणी फिरलं! बुवांना धाडा!"

"जा," बाबा म्हणाला. "त्या दोघी पीळ धरून थांबल्यात. आता गेलात तर कोरडे पोचाल. नाहीतर उन्हं उतरेपर्यंत इथंच."

बुवा उठले, पण दरवाज्याकडं गेले नाहीत. मोकळ्या हातानं परत जायचं म्हणजे पौर्णिमेआधी पळून जायचं, हे त्यांना दिसत होतं.

"त्यांना जाऊ द्या," ते म्हणाले. "इथं एक कोठडी आहे म्हणे. कैद्यांची."

"आहे."

"मला तिथं बसायचंय. एकट्याला. भरती चढेस्तोवर."

"कशाला?"

"तुम्ही उपाय सांगत नाही, तर मी माझा करतो. तोंडच देतो एकदा तिला."

बाबानं दरवाज्यात जाऊन बायकांना हात करून जायला सांगितलं. मग तो पुढं झाला, मागं बुवा. पडक्या कमानीतून, गंजलेल्या तोफेच्या बाजूनं, गोड्या पाण्याच्या टाक्याला वळसा घालून. एका बुरजाच्या पोटात पायऱ्या उतरत होत्या. खालून कुबट, खारट वास येत होता.

पहिल्या पायरीवरच बाबा थांबला.

"तुम्ही जा. मी नाही येत."

"का?"

"मला भीती वाटते इथं."

बुवांनी त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की दुसरा असता तर शरमला असता. बाबा शरमला नाही.

"फार आत बसू नका," तो म्हणाला. "पाणी पायाला लागलं की वर या. मी टाक्यावरच आहे."

बुवा खाली उतरले.

कोठडी लहानशी होती. छताला एक भोक, त्यातून पडणारा मळकट उजेड. भिंतीच्या तळाशी दुसरं भोक. तिथून समुद्र आत येत असणार, कारण त्यातून कुणीतरी जडपणे श्वास घ्यावा तसा आवाज येत होता. बुवांनी उपरणं अंथरलं, मांडी घातली, डोळे मिटले.

बराच वेळ काही झालं नाही. मनातल्या मनात त्यांनी स्वतःचं प्रवचन सुरू केलं. भीती म्हणजे काय? तर अज्ञान. दोरीला साप समजलो...

भोकातून पाण्याची एक पातळ लाट आली आणि त्यांच्या घोट्याला लागून परत गेली.

बुवांनी डोळे उघडले. बाबाचे शब्द त्यांना आठवले, पण इतक्यात उठायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. आता अंधाराला डोळे सरावले होते, त्यामुळं समोरच्या भिंतीतली लोखंडी कडी दिसली. बसलेल्या माणसाच्या मानेइतक्या उंचीवर. कैद्याला बांधायची असणार. त्यांनी कडीकडं पाहिलं आणि मग कडीच्या वर पाहिलं.

भिंतीला कालवं चिकटलेली होती. कडीच्या खूप वरपर्यंत.

म्हणजे पाणी तिथवर चढत होतं. आणि कडीला बांधलेला माणूस ते चढताना बघत बसत होता. घोटे, कंबर, छाती, हनुवटी...

मग धडधड सुरू झाली, नेहमीची, पण नेहमीच्या दसपट. भीती म्हणजे अज्ञान, असं ते पुटपुटायला गेले, पण जीभ टाळ्याला चिकटली. हातपाय गार झाले. छताचं भोक बारीक बारीक होत चाललंय असं वाटायला लागलं. दुसरी लाट आली आणि मांडीखालचं उपरणं ओढून घेऊन गेली.

बुवा उठले आणि पळत सुटले. धीर बिर काही राहिला नाही. पायऱ्यांवर ढोपर फुटलं, त्याचं भान नाही. टाक्याकडं वळायचं, बाबाला हाक मारायची, हेही सुचलं नाही. तटाला मोठं खिंडार पडलेलं दिसलं, पलीकडं उजेड दिसला, त्यातून ते बाहेर पडले आणि खडपाच्या वाटेवर धावत सुटले. डोक्यात एकच. जमीन. किनारा. इथून बाहेर.

एकट्यानं जायचं नाही, हे सांगितलेलं कुठल्या कुठं गेलं.

वाट अजून दिसत होती. पाणकोटाजवळचे खडक कोरडे होते. पण नांदखोलची भरती लबाड. ती आधी किनाऱ्याकडचा सखल भाग भरून काढते, आणि मग मागं वळून पाणकोटाकडं येते. बुवा निम्म्या वाटेवर पोचले आणि समोर पाहतात तो वाटच नाही. नुसतं हिरवंकाळं पाणी, भोवरे घेत चाललेलं.

मागं वळले. आत्ता ओलांडून आलेला चर भरला होता.

एक उंचवटा होता, त्यावर ते उभे राहिले. तोही पाण्यात गेला. पाणी घोट्याला, मग पोटरीला लागलं. प्रत्येक लाट परत जाताना पायाखालची पकड ओढून बघत होती. लांब किनाऱ्यावर माणसं ठिपक्याएवढी दिसत होती. त्यांत भागी आणि यमू असतील. ओरडायला हवं होतं.

बुवांनी तोंड उघडलं. आवाज फुटेना.

हजारो लोकांपुढं बोलणारा तो गळा, आणि त्यातून साधं "ओ" निघेना. इथं बुवापण संपलं. उरला नुसता वामन, पोटरीभर पाण्यात, पाचावर धारण बसलेला. आता मी मरणार, हे त्याला सरळ सरळ कळत होतं, आणि त्याला मरायचं नव्हतं. मुळीच नव्हतं.

"...अन् ती शेळी, तिला मी म्हटलं, गप बस गं, तर ती ऐकते होय? तुझी आई पण असलीच होती, द्वाड..."

कुणीतरी बोलत होतं. मोठमोठ्यानं, भरभर, तुटक.

पाणकोटाकडून लतीफबाबा येत होता. कमरेइतक्या चरातून, एका हातात पिळाचं टोक, दुसऱ्या हातानं खडक चाचपत. चेहरा पांढराफटक. आणि तोंडाची बडबड अखंड चाललेली.

"...अन् काल मीठ जास्त पडलं कालवणात, या अल्ला, केवढं हे पाणी, मीठ पडलं म्हणून मी वर पाणी घातलं, तर ते पांचट झालं..."

तो पोचला. पिळाचं टोक त्यानं वामनच्या मनगटाला गुंडाळलं. त्याची बोटं इतकी थरथरत होती, की गाठ बसेना.

"ऐक," तो म्हणाला. "वाट मला ठाऊक आहे, म्हणून पुढं मी. शेपटाला तू. मी मागं बघणार नाही. बोल."

वामननं मान हलवली.

"मान नको हलवू. मला मागं डोळे आहेत? बोल!"

वामननं स्तोत्र आठवायचा प्रयत्न केला. लहानपणापासून पाठ असलेलं. एक अक्षर येईना. प्रवचनातली वाक्यं आठवली, ती घशातच अडकली.

बाबा पाणकोटाकडं वळला. एक पाऊल टाकलं आणि थांबला. पाणी त्याच्या छातीला आलं.

"तू बोलला नाहीस तर मी हलणार नाही," तो समोर बघतच म्हणाला. आवाज रडवेला झाला होता. "अन् थांबलो तर दोघंही जाऊ. बोल रे बाबा, काय पण बोल!"

"मला..."

"हां!"

"मला भीती वाटते."

"हां. पुढं?"

"मला भीती वाटते."

बाबानं पाऊल टाकलं.

"मला भीती वाटते," वामन म्हणाला. "मला फार भीती वाटते. मला मरायचं नाही. मला गादीवर बसायची भीती वाटते. लोकांची वाटते. रात्री दिवा मालवायची वाटते. मला भीती वाटते..."

"आहेस ना?"

"आहे. मला भीती वाटते..."

असे ते आले. एकदा वामनचा पाय सुटला, पाणी डोक्यावरून गेलं आणि बोलणं तुटलं. त्याच क्षणी पिळाला हिसका बसला. पुढच्यानं दोन्ही हातांनी ओढून धरलं होतं. वामन खोकत वर आला, आणि खोकता खोकताच म्हणाला, "भीती वाटते."

"बोलत राहा," बाबा म्हणाला.

दरवाज्याच्या पायऱ्या लागल्या तेव्हा दोघंही तिथंच आडवे झाले.

दुपारभर समुद्र तटाला धडका देत होता. बाबानं चूल पेटवली. दोघं शेजारी शेजारी बसले, ओली धोतर-लुंगी अंगावरच वाळवत. भागीची भाकरी उरली होती, ती अर्धी अर्धी खाल्ली. वामननं बाबाच्या हातांकडं पाहिलं. ते अजून थरथरत होते. स्वतःच्या हातांकडं पाहिलं. तेही.

"तुम्हाला पाण्याची भीती वाटते म्हणालात," वामन म्हणाला.

"वाटतेच."

"मग आलात कसे?"

"ऐकलं नाहीस?" बाबा म्हणाला. "किती बडबडत होतो मी."

वामननं मान खाली घातली. शेळी येऊन त्याच्या फुटक्या ढोपराला हुंगून गेली.

"भागीची माफी मागायला हवी मला," तो म्हणाला.

"माग की."



उन्हं उतरली तशी वाट पुन्हा उघडी पडायला लागली. आधी एखाददुसरा खडक, मग काळी रांग. बाबानं दरवाज्यातल्या खुंटीवरचा पीळ काढला. वामनला किनाऱ्यावर सोडायचं आणि रात्री भागीच्या पडवीत पाठ टेकायची, सकाळी बायकांबरोबर परत यायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

पिळाचं पुढचं टोक त्यानं वामनच्या हातात दिलं.

"मी पुढं?" वामन दचकला. "मला वाट कुठं ठाऊक आहे?"

"पायाखाली बघ. चुकलास तर सांगेन."

निघाले. खडक निसरडे होते, पण पाणी उतरलेलं. सूर्य समुद्राला टेकला होता. वामन एकेक पाऊल चाचपून टाकत होता. मागून बाबाची बडबड चालू होती. शेळीच्या आईची गोष्ट, कालवणातलं मीठ, यमूच्या पोराचं लग्न कसं मोडता मोडता जुळलं. ऐकता ऐकता वामनचा श्वास खाली बसला.

आणि श्वास बसला तसा, दिवसभर मनात रुतलेला प्रश्न वर आला.

"बाबा," तो पायाखाली बघतच म्हणाला. "माझी भीती गेली नाही. आज तर माझी खात्रीच झाली, की ती जायची नाही. मग मी काय करू? पौर्णिमेला माणसं रांगेनं समोर येतील. कुणाचा मुलगा दवाखान्यात असेल, कुणाचं घर बुडालेलं असेल. हा थरथरणारा हात त्यांच्या डोक्यावर कसा ठेवू? तुला अभय आहे, असं कुठल्या तोंडानं म्हणू?"

मागची बडबड थांबली.

वामन उत्तराची वाट बघत चालत राहिला. एक खडक, दुसरा खडक.

काही नाही.

पाण्याचा आवाज तेवढा येत होता. दोन्ही बाजूंनी. पीळ हातात होता, पण सैल. ओढ लागत नव्हती.

"बाबा?"

...

धडधड सुरू झाली. मघाशी चर लागला होता, तो बाबानं ओलांडला का? म्हातारा माणूस. दिवसभर ओल्या कपड्यात, अर्ध्या भाकरीवर. मान मागं वळू बघत होती. वामनला भागीची फाटलेली टाच आठवली. त्यानं दात आवळले आणि नजर पायाखाली रोवली.

"बाबाऽऽ! बोला ना!"

...

आणि मग मागून, अगदी जवळून, कापऱ्या आवाजात...

"आहे रे, आहे मी. भितोय... चाल तू."